पुराव्याला वडील चालत नाहीत

मालवणात सकाळच्या वेळी कुणी कुणाला "ताजां काय आसा?" असं विचारलं तर ते मासळीबद्दल असतं, हे लग्न होऊन इथे आल्यावर आठवड्याभरात मला कळलं. मी कसालची. समुद्र तोवर नकाशात निळा रंगवलेला तेवढा ठाऊक. प्रत्यक्ष बघितला तो सासरी आल्यावर, आणि खरं सांगते, आजही त्याच्याशी माझं फारसं पटत नाही. तर शाळेत भूगोल शिकवायला लागले त्या पहिल्याच दिवशी, शिक्षकांच्या खोलीत काळा कोट घातलेला एक उंच, वाकलेला माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, भूमध्य समुद्राचा नवा नकाशा आणलात का? शाळेतला शिळा झालाय." नकाशाला शिळा म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

गाव त्यांना बायबलमास्तर म्हणायचं. शिकवायचे इंग्रजी आणि संस्कृत, घरी दीड दिवसाचा गणपती, सोमवारचा उपास. वडील मचव्यावर तांडेल होते, म्हणजे कप्तानच म्हणा. मुलगा हुशार निघाला म्हणून कुणी कुणी मदत करून त्याला मुंबईत कॉलेजात धाडलं, आणि हा पठ्ठ्या तिथून हिब्रू शिकून आला! शिकवणारे प्रोफेसर बेने इस्रायल, म्हणजे अलिबागकडचे ज्यू, घरात आपल्यासारखी मराठी बोलणारे. हिब्रूच्या वर्गाला मुलं मिळायची नाहीत, तेव्हा मास्तर त्यांना सोन्यासारखे वाटले असणार. मास्तर मालवणात परत आले तरी त्या दोघांचं गुरुशिष्याचं नातं तुटलं नाही.

बायबल म्हटलं की लोकांना भक्ती दिसायची. मास्तरांचा मामलाच निराळा. ते पुस्तक कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कुठला तुकडा मागाहून जोडला, यावर जगभरचे पंडित नियतकालिकांतून जे कडाकडा भांडतात, ते भांडण मास्तरांना ताजं ताजं लागायचं. निम्मे पंडित जर्मनमध्ये भांडतात असं कळल्यावर ते शब्दकोश घेऊन जर्मनही शिकले. प्रोफेसर आपले अंक वाचून झाले की मुंबईहून निघणाऱ्या आगबोटीवरच्या एका ओळखीच्या कारकुनाच्या हाती द्यायचे. मास्तर बंदरावर छत्री घेऊन हजर. खोबऱ्याच्या गोणत्यातून विद्या उतरायची आणि हमालाच्या डोक्यावरून घरी जायची.

पावसाळ्यात बोटी बंद. मग मास्तरांचा जीव कासावीस. नारळी पौर्णिमेला सगळं गाव दर्याला नारळ द्यायला जायचं, मास्तरही जायचे, पण त्यांचं गाऱ्हाणं वेगळं. एकदा मी शेजारी उभी होते. हात जोडून पुटपुटत होते, "बा दर्या, मागच्या पावसात त्या गुहांचां काय झालां ता कळूक नाय. आता वाट मोकळी कर." मला हसू आवरेना. पण माणूस अगदी मनापासून मागत होता.

त्या गुहांची एक गंमत आहे. मृत समुद्राजवळ गुहांमध्ये चामड्यावर लिहिलेल्या बायबलच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्याची सविस्तर हकिकत मास्तरांना पोचली, त्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत खाजं वाटलं. हेडमास्तरांनी विचारलं, "काय मास्तर, नातू झाला?" मूलबाळ नसलेल्या माणसाला हा प्रश्न! पण मास्तर कुठले दुखावताहेत. "सर, हातात होती त्याहून हजार वर्षं जुनी प्रत सापडली!" हेडमास्तर खाजं तोंडात टाकत म्हणाले, "अरे वा. कोणाच्या घरची?"

गावात कुजबुज होतीच, मास्तर बाटले म्हणून. देवळातल्या मंडळींनी एकदा सरळ विचारलंही. मास्तर म्हणाले, "पूजा मी गणपतीची करतो. वाचन बायबलचं करतो. पूजा आणि वाचन ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही नीट केली म्हणजे झालं."  तिकडे चर्चमधले पाद्रीबाब, गोरेपान, स्थूल, तापट पण पोटात माया असलेले, ते तर मास्तरांना पाखंडीच समजायचे. आमच्या बायबलात चुका काढणारो हो कोण, असा त्यांचा राग. आणि रविवारी दुपारी बरोबर मास्तरांच्याच पडवीत येऊन बसायचे. पाद्रीबाबांनी काही मत मांडलं की मास्तर नाक मुरडायचे. "पाद्रीबाब, ह्यां शिळां. ह्येका वास मारूक लागलो."

"देवाच्या वचनाक वास मारता?" पाद्रीबाब ओरडायचे.

"वचनाक नाय हो. तुमच्या मताक."

मास्तरांची बायको, वहिनी, आतून चहा आणून मध्ये ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मारामारी करूची आसात तर खळ्यात जावा. हंय माझी आमसुलां वाळतत." वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या, कमी बोलायच्या, बोलल्या की तुकडा पाडायच्या. पाऊस सरला की दमट झालेले सगळे अंक मास्तर चटईवर उन्हात पसरायचे, शेजारच्या चटईवर वहिनींची सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. त्यामुळे जगातलं ते सगळं पांडित्य मालवणात सुक्या सुंगटांच्या वासाचं होतं. वहिनी दोन्ही चटयांवरून कावळे हाकायच्या. "ही माझी सुकी मासळी आणि ती तेंची," म्हणायच्या.

आता मास्तरांचा मुख्य विक्षिप्तपणा सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मास्तर अंक रांगेने वाचायचे. डावीकडे न वाचलेल्यांची चळत, उजवीकडे वाचलेल्यांची. आधीचा संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही, मग आत सोनं असो. मी म्हटलं, असं का? तर म्हणे, "मधला अंक चुकला की मधलं भांडण चुकतं. मग पुढचा का चिडलाय ते कळत नाही." बरं, अंकांचं एक ठीक. वर्तमानपत्रसुद्धा रांगेने! गोवा सुटला तेव्हा आमच्याकडे केवढा जल्लोष, तांबड्या मातीत लोक नाचले. आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मास्तर एका सकाळी वर्तमानपत्र फडकवत शाळेत आले, "बाई, गोवा सुटला!" मी म्हटलं, "अहो मास्तर, मिरवणुकीत तुम्ही माझ्या पुढेच चालत होतात." "तेव्हा ऐकलं होतं," मास्तर म्हणाले. "वाचलं आज."

पण हा माणूस जन्मभर नुसता वाचत का राहिला, स्वतः काही लिहीत का नाही, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. सुटलं ते मुलांमुळे. बायबलात एका संदेष्ट्याची गोष्ट आहे. देव त्याला एकीकडे जा म्हणतो, हा जहाजात बसून दुसरीकडे पळतो. वादळ होतं, खलाशी घाबरतात, हा सांगतो की माझ्यामुळे झालं, मला समुद्रात टाका. शेवटी टाकतात आणि मोठा मासा त्याला गिळतो. मास्तरांनी एकदा इंग्रजीच्या तासाला ही गोष्ट सांगितली. आमची दांडीच्या किनाऱ्यावरची मुलं! लगेच सुरू झाली, "सर, मासो खंयचो? मुशी की देवमासो?" मास्तर तणतणत बाहेर आले आणि माझ्यावर राग काढला. "दोन हजार वर्षं सगळं जग मासाच बघतंय, बाई! खलाशी कोणी बघितलेच नाहीत."

"खलाशांत काय बघायचं?"

"त्यांना माहीत आहे की याला पाण्यात टाकलं की आपण वाचू. तो स्वतःच सांगतोय. तरी ते त्याला टाकत नाहीत. ते वल्ही मारत किनाऱ्याकडे जायला बघतात. वादळात! किनाऱ्याकडे!"

मी कसालची. मला वाटलं, वादळात माणूस किनाऱ्याकडेच जाणार की. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग शांतपणे समजावलं, वादळात मचव्याला खरी भीती पाण्याची नसते, जमिनीची असते. खडपांवर आपटलात की संपलात. शहाणा तांडेल तोंड वळवतो ते खोल दर्याकडे, आणि वारा पडेपर्यंत तिथे झुंजतो. हे आमच्या किनाऱ्यावर पोराटोरालाही ठाऊक. पंडित मात्र एक तर ह्या ओळीवरून सरळ पुढे जातात, नाही तर लिहितात की लेखकाला समुद्र ठाऊक नव्हता. "लेखकाला समुद्र चांगला ठाऊक होता, बाई. किनाऱ्याकडे जाणं म्हणजे मरण, हे त्या खलाशांनाही ठाऊक होतं. एका परक्या माणसाला पाण्यात टाकायला लागू नये म्हणून ते गेले."

 मग त्या दुपारी त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

वडिलांचा मचवा मुंबईहून येत होता. उतारूंमध्ये एक तरुण मुलगा, वाटेत पटकी होऊन लोळायला लागला. देवबागच्या आसपास असताना वादळ उठलं. खलाशी म्हणाले, बाहेर काढूया, रात्र खोल दर्यात काढू. पोरगा तर "माका आवशीकडे न्हेवा" एवढंच म्हणत होता. वडिलांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सुकाणू किनाऱ्याकडे वळवलं. कर्ली नदीच्या मुखाशी मचवा फुटला. माणसं फळ्या धरून बाहेर आली, तो पोरगाही आला, आणि तिसऱ्या दिवशी आईच्या मांडीवर गेला. मचवा गेला, माल गेला, माणूसही गेला. गावाने तांडेलाला खुळ्यात काढलं. पुढे कुणी मालकाने त्यांच्या हाती मचवा दिला नाही. उरलेलं आयुष्य ते जाळी विणत पडवीत बसले. कुणी टोचून बोललं तर एवढंच म्हणायचे, "तेका जमिनीर मराक गावलां."

"खुळ्या तांडेलाचो झिल म्हणून वाढलो मी," मास्तर म्हणाले. "आणि मुंबईत, हिब्रूच्या तासाला, ती ओळ समोर आली. बाई, माझे वडील त्या जहाजावर होते."

मी डोळे पुसले, आणि मग मला रागच आला. "अहो, मग लिहा की! एवढे अंक वाचता, एक लेख पाठवा!" तर म्हणे कसं लिहू, आधी कुणी हेच म्हटलेलं नाही याची खात्री नको? न वाचलेल्या चळतीत कुठे ते असेल तर? "बापूस खुळो ठरलो बाई. झिल चोर ठरूक नको." म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं रांगेने वाचत होता. चळत कधी संपायची नाही, कारण बोट नवी चळत आणायची. आणि इकडे मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता.

डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी कितीदा डोकं फोडलं. "पट्टी बांधून निजवतात बाई. तेवढ्यात किती अंक मागे पडतील?"  वहिनी म्हणाल्या, "सोडा तेंका. ऐकूचे नाय ते." पुढे डॉक्टरांकडे गेले तेव्हा आतलं काही वेगळंच बिघडलं होतं आणि वेळ टळून गेली होती.

त्याच सुमाराला प्रोफेसरांचं पत्र आलं. त्यांची मुलं इस्रायलला गेली होती, आता तेही चालले. शेवटचं मोठं गोणतं त्यांनी पाठवलं आणि मास्तरांना खडसावलं, मी माझी सगळी हयात वाचन करतोय, तुझं म्हणणं मी कुठे वाचलेलं नाही. आता लिही.  मग मास्तर लिहायला बसले.

लेख टाइप कोण करणार? अख्ख्या बंदरात चालता टाइपरायटर एक, तो चर्चमध्ये. मास्तर विचारायला तयार होईनात, म्हणून मी गेले. पाद्रीबाबांनी हस्तलिखित उभ्याउभ्या वाचलं. लाल झाले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ही गोष्ट म्हणजे घडलेला इतिहास नव्हे, कुणा थोर लेखकाची रचना आहे. "बाई, ह्यां बिशपान बघल्यान तर माझी बदली खंय करीत देव जाणे. आणि ह्यां मी माझ्या हातान टाइप करू?" मी म्हटलं, नको तर नको. कागद परत मागायला हात पुढे केला तर त्यांनी ते मागे ओढले. "तेचे डोळे किती रवलेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडेच. रविवारी पडवीत बसायच्या वेळेला ते खोलीत दार लावून टाइप करत बसले. एकही चूक नाही. वर मला म्हणाले, "माका ह्यातला कायएक पटणा नाय, ह्यां तेका सांगा."

लेखात वडील नव्हते. मी शोधून शोधून थकले. वल्ही होती, वारे होते, जुन्या जहाजांची बांधणी होती, पंडितांची नावं होती, पण कर्लीच्या मुखाशी फुटलेला मचवा नव्हता. मी भांडले. "ज्याच्यासाठी लिहिलंत तोच माणूस नाही?" मास्तर म्हणाले, "बाई, पुराव्याला वडील चालत नाहीत." मी पुष्कळ बोलले, ते हलले नाहीत. शास्त्राचे त्यांचे नियम कडक होते.

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. तोवर मास्तरांची नजर पार गेली होती. आता मी आणि पाद्रीबाब आळीपाळीने त्यांना अंक वाचून दाखवायचो. प्रोफेसर ते इस्रायलहून टपालाने मुंबईला त्या कारकुनाकडे पाठवायचे, पार जगाला वळसा घालून मग बोटीने यायचे. जर्मन आम्हा दोघांनाही येत नव्हतं. मास्तर जर्मन अंक हातात घेऊन चाचपायचे आणि म्हणायचे, "ह्यांचां भांडण आता माका कळूचा नाय." तेवढं बोलून ते उजवीकडे ठेवून द्यायचे.

आणि एका दिवशी तो अंक आला. मास्तरांचं नाव, खाली मालवण! पाद्रीबाब धापा टाकत आले, वहिनींनी शिरवाळे केले, मी शाळेतून धावत गेले. मास्तरांनी अंक हातात घेतला, नाकाशी नेला, कव्हरवरून बोटं फिरवली. आणि म्हणाले, "रांगेत ठेवा."

"काय?" पाद्रीबाब किंचाळले.

"ह्याच्या आधीचे वाचूचे आसत."

"मास्तरानू, तुमी माझ्या हातून आणखी एक पाप करून घेतलास, खून!" पण मास्तर ऐकतील तर मास्तर कसले. दात खात आम्ही आधीचे अंक वाचले. घसा बसेपर्यंत वाचले. पाद्रीबाब मधली पानं गाळायला बघायचे, मास्तर लगेच पकडायचे. एकदाची त्या अंकाची पाळी आली. मी पान उघडलं, घसा साफ केला, मास्तरांचं नाव मोठ्याने वाचलं आणि पुढे वाचणार तोच त्यांनी हात वर केला.

"ह्यां माका म्हायत आसा. फुडलो अंक काडा."

"मास्तर! तुमचा लेख आहे!"

"तो मी लिवलंय बाई. फुडल्या अंकात कोणी तरी माका खोडून काडल्यान आसात. तां वाचा."

पुढला अंक आला नव्हता. पावसाळा तोंडावर होता, आता येणार तो बोटी सुरू झाल्यावर. मास्तर म्हणाले, थांबूया. आणि पडवीत थांबले. कोणी आलं की आधी विचारायचे, टपाल? तो पाऊस मात्र त्यांना झेपला नाही. श्रावणात गेले, नारळी पौर्णिमा चार दिवसांवर असताना. पाद्रीबाब स्मशानापर्यंत आले, झग्यावर चिखल उडाला तरी मागे फिरले नाहीत.

बोटी सुरू झाल्या आणि अंक आला. मी तो घेऊन वहिनींकडे गेले. त्या खळ्यात सुंगटं पसरत होत्या. मास्तरांच्या चटईची जागा मोकळीच ठेवली होती त्यांनी. म्हणाल्या, "वाचा."

"इंग्रजीत आहे वहिनी."

"मगे सांगा."

मास्तरांचा अंदाज बरोबर होता. एका मोठ्या पंडिताने पानभर लिहिलं होतं. भारतातल्या ह्या विद्वानाचं म्हणणं मोहक आहे, पण खरं नाही. शुद्धीवर असलेला कुठलाही खलाशी वादळात किनाऱ्याकडे जाणार नाही. एका परक्या माणसासाठी तर नाहीच. तेव्हा लेखकाला समुद्र ठाऊक नव्हता, हेच खरं. मी जमेल तसं मराठीत सांगितलं आणि मलाच वाईट वाटलं. निदान मास्तरांना हे ऐकावं लागलं नाही, असं काहीतरी म्हणालेही.

"ऐकाक गावलां आसतां तर खुशी झाले आसते ते," वहिनी म्हणाल्या. मग सुंगटं पसरता पसरता थांबल्या. "म्हणजे वादळात असो कोण तांडेल किनाऱ्याक जाणा नाय, म्हणता तो?"

"हो."

"गेलो तर तो खुळो?"

"तसंच म्हणायचं."

सून म्हणून ह्या घरात आल्यापासून त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसून जाळी विणली होती, त्याला शेवटी भरवलं होतं. त्यांनी पदराला हात पुसले. "लिवा तेका. माझो सासरो गेल्लो म्हणान लिवा. तेचां नाव घाला, मचव्याचां नाव घाला, कर्लीचां नाव घाला."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मास्तर म्हणायचे, पुराव्याला वडील चालत नाहीत."

"तेंचो बापूस चलणा नसात," वहिनी म्हणाल्या. "माझो सासरो चलतलो. आणि बाई, रांगेत ठेवू नकात. आजच लिवा."